मागायचं राहून गेलं

पंचायत समितीत मी पाच वर्षं सदस्य होतो. गणातले रस्ते, गटारं, समाजमंदिर, ग्रामीण रुग्णालयाची संरक्षक भिंत, सगळं मागितलं आणि भांडून आणलंही. त्या भिंतीच्या आत दारू सुटताना लागणारी औषधं आहेत का, मनाच्या आजारांचा डॉक्टर महिन्यातून किती वेळा येतो, हे मात्र एकदाही विचारलं नाही. दारू हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, असं धरून चाललो होतो. मग तो माझ्याच घरात आला.

धाकटा भाऊ बारा वर्षं पीत होता. शेवटी शेवटी सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय त्याच्या हाताची थरथर थांबत नसे. भावजय सांगायची, "दादा, हे रात्रभर जागेच असतात. एकटे बसून रडतात." मी म्हणायचो, दारू सुटली की रडणंही सुटेल. तिच्या बोलण्याकडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं.

कुणीतरी एक व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं. फोनवरच पैसे ठरले. रात्री गाडी आली, चौघांनी त्याला उचलून आत घातलं आणि गाडीचं दार मी लावलं. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, काही विचारलं नाही. पंधरा दिवस भेटायचं नाही, फोन नाही, असं सांगितलं. शिस्त असेल म्हणून मान डोलावली. तिसऱ्या दिवशी फोन आला : पेशंट नाटकं करतोय. जाऊन पाहिलं तर त्याला खाटेला बांधलेलं. आदल्या रात्री फिट येऊन गेली होती आणि आता भिंतीवर किडे चढताहेत म्हणून तो किंचाळत होता. अंग तापानं फणफणलेलं, मनगटांवर दोरीचे वळ. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून जिल्ह्याला पाठवलं. नव्वद किलोमीटर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तो वाचला.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊ शकतो, भास होऊ शकतात, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावूही शकतो. उपचार काही दुर्मीळ नाही. लोराझेपामसारखं औषध, थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि देखरेख ठेवणारा डॉक्टर, एवढ्यावर बहुतेक जण सुखरूप पार पडतात. मग भावजयीनं त्याच्या रडण्याचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "हे रडणं दारूच्या आधीचं की नंतरचं?" भावजयीनं खाली मान घालून सांगितलं, आधीचं. नैराश्यावर उपचार तिथे सुरू झाला, बारा वर्षं उशिरा.

हे असं का होतं, हे मी नंतर शोधत बसलो. आपल्याकडे व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे आणि मानसिक आरोग्य आरोग्य खात्याकडे. माणूस एकच, दारं दोन. 2019 साली दिल्लीच्या एम्सनं देशभरच्या व्यसनांचा अहवाल दिला. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. उरलेले 37 माझ्या भावासारखे कुठल्या तरी गाडीत घातले जातात किंवा घरातच संपतात.

कायदा मात्र चांगला आहे, आणि तो मला ठाऊक नव्हता ही माझी चूक. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतो. अशा रुग्णाला ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. साखळदंड घालायला पूर्ण बंदी आहे. भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाला आहे. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या संस्थेत घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसावा, अशीही त्यात तरतूद आहे.

म्हणून, घरात कुणी रोज पीत असेल तर त्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. केंद्रात ठेवायचंच असेल तर नोंदणीचा कागद डोळ्यांनी पाहा, रात्री डॉक्टर असतो का ते विचारा आणि भेट नाही म्हणणाऱ्या दारातून परत फिरा. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन्ही फोन फुकट आहेत. आणि बायको किंवा आई सांगत असेल की तो रडतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. दारूइतकंच ते महत्त्वाचं असतं.

आता जे सभागृहात बसले आहेत त्यांना. ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही. तिथल्या एका डॉक्टरला आणि दोन परिचारिकांना प्रशिक्षण, वर सांगितलेली औषधं कायम शिल्लक, जिल्ह्याच्या मानसोपचार पथकाचा ठरलेला वार आणि तो वार गावोगाव लिहिलेला, एवढं जिल्हा वार्षिक योजनेत मागा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत औषधांचा साठा स्वतः पाहा.

भाऊ आज तीन वर्षं प्यायलेला नाही. दर महिन्याला गोळ्यांसाठी एसटीनं जिल्ह्याला जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात त्या गोळ्या अजून मिळत नाहीत. माझ्या जागी आज जो कुणी बसला असेल, त्यानं येत्या मासिक सभेत त्या का मिळत नाहीत, एवढं विचारावं.