संकटात शरण कोणाला जावे?



धम्मदीक्षा घेतली, देव्हारा काढला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. दिवस बरे असतात तोवर सारे ठीक चालते. पण धम्माची परीक्षा सुखाच्या दिवसांत होत नसते. मूल तापाने फणफणते, घरधन्याचे काम सुटते, पाऊस दडी मारतो. अशा वेळी शेजारीण हळूच म्हणते, "देव सोडले म्हणून हे झाले. एकदा नवस बोलून तर बघ, त्यात काय बिघडते?" आणि घाबरलेली आई नारळ घेऊन निघते.

या आईला कोणी हसू नये. तिला कोणी दटावूही नये. तिच्या मनातली भीती समजून घ्यावी आणि मग धम्म काय सांगतो ते तिच्यापाशी बसून सांगावे.

भीती आणि शरण

धम्मपदाच्या बुद्धवग्गात तथागतांनी नेमका हाच प्रश्न घेतला आहे. भ्यालेली माणसे डोंगरांना, वनांना, झाडांना शरण जातात. पण तो आसरा सुरक्षित नाही, त्याने दुःख सुटत नाही, असे ते सांगतात. जो बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जातो आणि चार आर्यसत्ये जाणतो, त्यालाच खरा आसरा सापडतो.

येथे चार आर्यसत्ये का आली, याचा विचार करा. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि दूर करण्याचा मार्ग आहे. म्हणजे संकट आले की बौद्ध माणसाचा पहिला प्रश्न "कोण कोपले?" हा नसतो. "याचे कारण काय?" हा असतो.

पैलतीराला हाका

तेविज्ज सुत्तात वासेट्ठ नावाच्या तरुण ब्राह्मणाला तथागतांनी एक दृष्टांत दिला. अचिरवती नदी दुथडी भरून वाहत आहे. एका माणसाला पलीकडे जायचे आहे. तो अलीकडच्या काठावर उभा राहून पैलतीराला हाका मारतो, हात जोडतो, विनवण्या करतो. त्याच्या हाकेने पैलतीर अलीकडे येईल काय? वासेट्ठाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, येणार नाही. देवांना हाका मारणाऱ्यांचेही तसेच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. पलीकडे जायचे तर नाव हवी, नाही तर पोहता यायला हवे.

"काय बिघडते?"

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या वाडवडिलांच्या काळी एका रोगाचे नावच 'देवी' होते. घरात देवी आल्या की त्या कोपल्या असे समजत, नवस बोलत, ओटी भरत. तरी मुले दगावत, वाचली तर तोंडावर वण राहात, कित्येकांचे डोळे जात. तो रोग गेला कशाने? लस टोचणारे आरोग्य कर्मचारी गावोगाव, घरोघर फिरले म्हणून. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. नवस तर शेकडो वर्षे चालू होते. रोग हटला तो कारण कळल्यावर.

तेव्हा नवसाने पुष्कळ बिघडते. साप चावला असता मांत्रिकाकडे गेलेला तासभर परत मिळत नाही. उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. बकऱ्यासाठी काढलेले कर्ज फेडता फेडता औषधाला पैसा उरत नाही. आणि सर्वांत वाईट असे की, मूल बरे झाले तर देव पावला म्हणतात, दगावले तर आईचेच काही चुकले म्हणतात. दुःखात बुडालेल्या बाईवर हा आळ कशासाठी?

मग बुद्धालाच साकडे घालावे काय?

नाही. देव काढून त्या जागी बुद्धाला बसवले आणि नवस तसाच ठेवला, तर धर्मांतर कसले झाले? तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, ही गोष्ट बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केली आहे. त्रिशरण म्हणजे मागणे नव्हे, तो निश्चय आहे. वंदना जरूर करावी. तिने घाबरलेले मन थाऱ्यावर येते आणि थाऱ्यावर आलेल्या मनाला उपाय सुचतो.

जेथे उपायच नाही तेथेही तथागतांनी खोटी आशा दाखविली नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या किसा गोतमीला, ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आणायला त्यांनी पाठविले. घरोघर फिरताना तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही.

संघ कशासाठी?

एकटा पडला की माणसाला देव आठवतो. म्हणून नुसते "देव मानू नका" म्हणून भागत नाही. एकदा एक भिक्षू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर निजविले आणि भिक्षूंना बजावले की, येथे तुम्हांला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. रोग्याची सेवा हीच माझी सेवा समजा.

ज्या वस्तीत आजाऱ्याच्या दारी चार माणसे धावून येतात, त्या वस्तीतली आई नारळ घेऊन कशाला निघेल? आणि ती निघालीच, तर आपण कोठे होतो, हे आधी स्वतःला विचारावे.

वस्तीने करावयाच्या गोष्टी

१. आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी कोणी जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.
२. पौर्णिमेच्या वंदनेनंतर ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून अडल्यानडल्यासाठी वेगळी पेटी ठेवावी.
३. दुःखाच्या घरी निदान सात दिवस रोज कोणीतरी जाऊन बसावे.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या चार कोणत्या? घरातल्या लहानांना त्या सांगता येतात काय?
२. अचिरवतीच्या दृष्टांतातील नाव म्हणजे आपल्या आयुष्यात काय?
३. मागच्या संकटात आपल्या घरी कोण धावून आले? आपण कोणाच्या घरी गेलो?