थंडीची लाट आली आणि वीज गेली तर

कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना गरम कपड्यांविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. ते शिक्षण पहिल्या हिवाळ्यातच होते. पण ऐन थंडीत वीज गेली तर काय करायचे, याचा विचार फार थोड्या घरांत झालेला असतो.

जानेवारी १९९८ मध्ये मॉन्ट्रियल आणि पूर्व ऑन्टारियोवर पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडत राहिला. वरच्या उबदार हवेतून येणारे थेंब जमिनीलगतच्या थंड हवेत शिरतात आणि तारेला, फांदीला टेकताच त्यांचा बर्फ होतो. त्या ओझ्याने विजेचे मनोरे कोसळले. चाळीस लाखांहून अधिक लोक अंधारात होते, काहींच्या घरी वीज यायला महिना लागला. क्यूबेकमध्ये बहुतेक घरे विजेवरच तापतात. गॅसची भट्टी असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, म्हणून "आमच्याकडे गॅस आहे" या भरवशावर राहू नये.

त्या वादळात काही जणांचा बळी थंडीने घेतला नाही, ऊब मिळवण्याच्या धडपडीने घेतला. घरात कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर लावला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटो परिसरात बर्फाच्या वादळाने लाखो लोकांची वीज गेली, तेव्हाही हेच घडले. आपल्या जुन्या माणसांना कोकणातली निखाऱ्यांची शेगडी आठवते. पण त्या घरांच्या कौलांतून, फटींतून वारा खेळत असे. कॅनडातले घर हवाबंद असते. तिथे ती शेगडी पेटवू नये, खिडकी किलकिली ठेवूनही नाही. जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, चालवू नये; तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर हवा.

घरातल्या सगळ्यांचेच एकदम डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर तो फ्लू समजू नका. सर्वांनी बाहेर पडा आणि तिथूनच ९११ ला फोन करा. हे शब्बाथच्या रात्री घडले तरी फोन उचलायला कचरू नका. जीव वाचवणे, पिकुआख नेफेश, शब्बाथपेक्षा मोठे आहे, हे आपल्या धर्मानेच सांगितले आहे. वायूचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ, बॅटरीवर चालेल असा लावावा. इंधनावर चालणारे उपकरण किंवा जोडलेले गॅरेज असलेल्या घरांना ऑन्टारियोत २०१४ पासून तो सक्तीचा आहे.

मग ऊब कशी राखायची? सगळ्यांनी एकाच खोलीत यावे, बाकीची दारे बंद करावीत, टोपी घालून गोधडीत बसावे. कॅनडा सरकार निदान ७२ तासांची तयारी ठेवायला सांगते: पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, रोजची औषधे, टॉर्च, बॅटरीचा रेडिओ. उजेडासाठी मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा. घर गारठतच गेले तर संकोच न करता नातेवाइकांकडे किंवा शहराने उघडलेल्या उबदार केंद्रात जावे. वयस्कर माणसाला थंडी कमी जाणवते, त्यामुळे "मला काही होत नाही" हे त्यांचे म्हणणे प्रमाण मानू नका. हात लावून पाहा. बोलणे अडखळत असेल, गुंगी येत असेल किंवा कुडकुडणे अचानक थांबले असेल, तर ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

बाहेर जाताना तापमानाबरोबर वाऱ्याचाही आकडा पाहावा. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असला की अंगाला उणे ३३ इतके जाणवते. अशा वेळी उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. बोट किंवा कान पांढरट, बधिर झाला तर आपल्याकडची पहिली सवय तेल लावून चोळण्याची. ती टाळा. चोळल्याने गोठलेली त्वचा फाटते. तो भाग कोमट पाण्यात, अंघोळीच्या पाण्याहून गरम नको, बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण बधिर हाताला भाजलेले कळत नाही.