नुसत्या पायथनच्या फायली, तरी एवढा उशीर का?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर डेबियन १२ आहे. एका प्रकल्पाला मेसॉन या बिल्डच्या साधनाची १.३ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी होती, पण ॲप्टने १.०.१ दिली. पिपने नवी घालायला गेलो तर त्याने सरळ नकार दिला. मेसॉन म्हणजे नुसत्या पायथनच्या फायली, कंपाइलसुद्धा कराव्या लागत नाहीत. मग त्याचं पॅकेज करायला एवढं काय लागतं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फायलींबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. फिनलंडच्या युसी पाक्कानेन यांनी मेसॉन लिहिलं आणि २०१३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. पायथन आणि त्याच्यासोबत येणारी लायब्ररी यांपलीकडे त्याला काही लागू नये, हे त्यांनी ठरवूनच केलं. सोर्स उतरवून घ्या, आतली मुख्य स्क्रिप्ट चालवा, काम सुरू. इंटेल असो वा आर्म, डेबियनला एकच पॅकेज पुरतं.

तरी बारीक कामं असतातच. पायथन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बहुधा 'पाथमध्ये जो पायथन आधी सापडेल तो वापर' असं लिहिलेलं असतं. तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करून मेसॉन चालवलंत, तर ते तिथला पायथन उचलेल आणि त्याला स्वतःचीच मॉड्यूल्स सापडणार नाहीत. म्हणून डेबियनमध्ये ही ओळ बदलून तिथे सिस्टीमच्या पायथनचा पूर्ण पत्ता घालतात. बाइटकोडच्या फायली पॅकेजमध्ये नसतात. त्या पायथनच्या आवृत्तीवर अवलंबून असल्याने तुमच्या यंत्रावर इन्स्टॉल होताना तयार होतात. शिवाय डेबियनमध्ये पॅकेज बांधताना इंटरनेटला हात लावायचा नाही, असा नियम आहे. मेसॉनला मात्र कमी पडलेली लायब्ररी स्वतःहून उतरवून घेता येते. त्यामुळे डेबियनची पॅकेजिंगची अवजारं मेसॉन चालवताना ही सोय बंदच ठेवतात.

पण उशिराचं खरं कारण वेगळं आहे. मेसॉन हे इतर सॉफ्टवेअर बांधण्याचं साधन आहे. सिस्टमडी २०१७ मध्ये मेसॉनवर आलं. मेसा, जीलिब, जीटीके हीसुद्धा मेसॉननेच बांधली जातात. आता समजा, जीलिबमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली. डेबियन १२ वापरणाऱ्यांना दुरुस्त जीलिब द्यायचं, तर ते पुन्हा बांधावं लागणार. त्या वेळी बिल्डचं साधनही बदललेलं असेल, तर बिघाड दुरुस्तीमुळे झाला की साधनामुळे, हे शोधत बसावं लागेल. कालपर्यंतची नुसती वॉर्निंग नव्या आवृत्तीत एरर झाली, तर दुरुस्ती बाहेरच पडणार नाही. म्हणून तीन वर्षांनंतरही तीच १.०.१ हाताशी हवी. ही सावधगिरी मला जुनाट वाटत नाही. सर्व्हर वर्षानुवर्षं बिनघोर चालतात ते तिच्याच जोरावर.

आता तारखा पाहा. मेसॉन १.० डिसेंबर २०२२ मध्ये आलं. जानेवारी २०२३ पासून डेबियन १२ साठी फ्रीझ टप्प्याटप्प्याने लागू झाला, म्हणजे नव्या आवृत्त्या घेणं थांबत गेलं. जूनमध्ये डेबियन १२ प्रसिद्ध झालं. १.१ एप्रिलमध्ये आलं, तोवर दार बंद झालं होतं. तुम्हाला हवी असलेली १.३ तर त्याही नंतरची.

पिपचा नकार हा बिघाड नाही. पायथनच्या पेप ६६८ या प्रस्तावानुसार डेबियन १२ ने सिस्टीमच्या पायथनशेजारी एक खुणेची फाइल ठेवली आहे. 'इथल्या मॉड्यूल्सची जबाबदारी ॲप्टकडे आहे' असा तिचा अर्थ. पूर्वी लोक सुडो लावून पिप चालवत. त्याने घातलेली मॉड्यूल्स ॲप्टच्या मॉड्यूल्सच्या आधी सापडत आणि सिस्टीमची साधनं भलत्याच आवृत्त्या उचलत. ही अट मोडण्याचा पर्याय पिपमध्ये आहे. त्याच्या नावातच सिस्टीम मोडण्याचा इशारा आहे, तेव्हा तो वापरू नका.

तुम्ही असं करा. आधी डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यात, हवी ती आवृत्ती आहे का ते बघा. नसेल तर ॲप्टने पिपएक्स घ्या आणि त्याच्याकडून मेसॉन घाला. ते तुमच्या होम डिरेक्टरीत वेगळं राहतं आणि सिस्टीमला धक्का लागत नाही. मेसॉन प्रत्यक्ष बांधणी ज्याच्याकडून करून घेतं ते निंजा मात्र ॲप्टचंच चालेल. आणि या कामात खरंच रस असेल, तर एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन अनस्टेबल घाला, तिथलं नवं मेसॉन तुमच्या प्रकल्पावर चालवून पाहा, आणि काही मोडलं तर रिपोर्टबग वापरून कळवा. पॅकेज सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत; नीट लिहिलेला बग रिपोर्ट त्यांना हवाच असतो.