तांबूस शिरेचा मका

दावणीला गाय बांधली आहे. पुढे मक्याची वैरण टाकली आहे. गाय पाने खाते, शेंडा खाते. बुडखे मात्र गव्हाणीतच राहतात. सकाळी घरची बाई ते झाडून उकिरड्यावर टाकते. आमच्या घरी असेच चाले. लहानपणी मला वाटे, गाय लाडावली आहे. पण तसे नव्हते.

मक्याचे ताट उभे राहते ते कशाच्या जोरावर? त्याच्या अंगात लिग्निन नावाचा एक पदार्थ असतो. भिंतीत विटा असतात आणि विटांच्या मध्ये चुना असतो ना? ताटातले तंतू म्हणजे विटा. लिग्निन म्हणजे चुना. ताट जून होते तसतसा हा चुना वाढत जातो.

आता गाईच्या पोटात काय होते ते बघा. तिच्या पोटाला चार कप्पे. पहिला फार मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. ते तंतू आंबवतात आणि त्यातून गाईला बळ मिळते. म्हणजे वैरण गाय खाते, पण पचवतात हे जीव! लिग्निन मात्र त्यांना पचत नाही. ते तंतूंना बिलगून बसते, म्हणून तंतूही पुरते पचत नाहीत. चोथा पोटात पडून राहतो. पोट भरलेले दिसते, पण अंगी थोडेच लागते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९२४ साली मक्याची काही निराळी झाडे सापडली. पानाची मधली शीर एरवी पांढरट असते. या झाडांची शीर तांबूस होती. कुणी मुद्दाम केलेले नव्हते. बियाण्यात आपोआप बदल झाला होता. चाळीस वर्षांनी, १९६४ साली, परड्यू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अशा मक्यात लिग्निन कमी असते.

मग संकर सुरू झाला. पण हा गुण लाजाळू आहे. आई आणि बाप दोघांकडून आला, तरच दिसतो. तांबूस शिरेच्या मक्याचा साध्या मक्याशी संकर केला, तर पहिल्या पिढीत एकही शीर तांबूस दिसत नाही. त्याच झाडांचे आपसात बी धरले, तर पुढच्या पिढीत चारांत एक झाड तांबूस निघते. तेवढीच निवडायची. पुन्हा चांगल्या जातीशी संकर करायचा. पुन्हा निवडायची. कितीक हंगाम यात जातात.

फायदा किती? मिशिगनमधील शास्त्रज्ञांनी ३२ गाईंना या मक्याचा मुरघास घालून पाहिला. १९९९ साली त्यांनी आकडे छापले. साध्या मक्यापेक्षा दूध दर गाईमागे रोज सुमारे पावणेतीन किलो जास्त आले. चोथा लवकर पुढे सरके, म्हणून गाई खातही जास्त. मात्र त्या भरपूर दुधाच्या विलायती गाई होत्या. आपल्या दोन-तीन लिटरच्या गाईकडून तेवढे दूध मागू नये.

आता खोट सांगतो. चुना कमी, म्हणून ताटही कच्चे. वाऱ्यात ते लवकर लोळते आणि उतारा कमी येतो. दुसरी गोष्ट, शेजारच्या साध्या मक्याचे परागकण यावर पडले, तर यंदाची वैरण बिघडत नाही. पण ते बी पुढे पेरले, तर तांबूस शीर गेलीच म्हणून समजा.

आणि साधा मका असेल तर? तो जून होऊ देऊ नका. हिरवी वैरण तुरा येताना कापा. मुरघासासाठी दाणा चिकातून पिठाळ होऊ लागला की कापा. कुट्टी केली म्हणजे बुडखे वाया जात नाहीत. पण कुट्टीने लिग्निन कमी होत नाही, हे ध्यानात असू द्या.

तांबूस शीर ओळखायची असेल, तर रोप चार-सहा पानांचे झाल्यावर बघा. पुढे पानावरचा रंग फिका पडतो. मग ताटावरचे पानाचे वेष्टण सोलायचे. आत ताटावर तो रंग टिकून असतो.