पंडितजींच्या जागी पोरगी का नको?

महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आमगावकडे पोरींची भरतीची तयारी घेऊ लागलो. त्यातून कळलेलं थोडं सांगतो.

1. जाहिरात आधी नीट वाचावी. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातून आचार्य झालेल्या एका पोरीनं लष्करातल्या धर्मगुरूच्या भरतीचं विचारलं. जागा तोलामोलाची, थेट नायब सुभेदार. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, सगळे घेतात. अर्ज मात्र फक्त पुरुषांनी करायचा. तिची पदवी बसत होती, वय बसत होतं. पुढचं वाचायची गरजच पडली नाही.

2. या कामाची पारख पूजेवरून करू नये. मंदिर परेड तासाभरात आटोपते. बाकीचं काम हॉस्पिटलच्या वॉर्डात, शिक्षा भोगणाऱ्या जवानापाशी, अंत्यसंस्काराला. आमचे पंडितजी लंगरमध्ये मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी जेवत. ज्याच्या घरी बांधावरून भांडण पेटलंय, बायको आजारी आहे, तो जवान तेव्हाच ताट घेऊन त्यांच्याजवळ सरके. फॅमिली क्वार्टरमधल्या बायका मात्र पदर सावरून प्रसाद घेत आणि चालू लागत. त्यांच्या मनातलं पंडितजींपर्यंत कधी पोचलंच नाही. बाई असती तर पोचलं असतं, असं माझी बायको आजही म्हणते. त्या क्वार्टरांत ती राहिलेली आहे.

3. मुली येणार नाहीत, ही सबब चालायची नाही. मिलिटरी पोलिसांत जवान म्हणून स्त्रियांची भरती 2019ला निघाली आणि मे 2021मध्ये बंगळुरूहून 83 जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. अमेरिकेत 1864मध्येच तोफखान्याच्या एका रेजिमेंटनं एला गिब्सनला धर्मगुरू निवडलं होतं. बाई आहे म्हणून युद्धखात्यानं नेमणूक अडवली. तिथल्या नौदलात पहिली स्त्री धर्मगुरू यायला 1973 उजाडलं.

4. पाद्रीचा प्रश्न वेगळा. तिथं आधी चर्चनं दीक्षा द्यावी लागते, आणि कॅथलिक चर्च स्त्रियांना ती देत नाही. पंडिताच्या जागेला पदवी लागते, ती पोरींकडे आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री पुरोहित लग्नं लावतात, त्यालाही आता जमाना झाला.

5. घेतलं तर एकटीला धाडू नये. माझ्याकडून वर्दीत गेलेल्या पोरी सुट्टीला आल्या की बोलतात. गोळीचं भय त्यांच्या तोंडी क्वचितच. न्हाणीला कडी नाही, लेकरू सासूकडे, नवरा एकीकडे आणि बदली भलतीकडे, यानं त्या कंटाळतात. युनिटात धर्मगुरू असतो एखादाच. तिथं नवी बाई म्हणजे साऱ्या पलटणीत एकटीच. म्हणून सुरुवात मिलिटरी हॉस्पिटल आणि कुटुंबं राहतात त्या छावण्यांपासून करावी, दोघी-दोघींच्या जोडीनं. सीमेवरची पोस्टिंग दुसऱ्या खेपेला द्यावी, पण द्यावीच. नाहीतर चार वर्षांनी कुणीतरी म्हणणारच, बाईला सोपं काम दिलं.