विद्युत वाहनांचा प्रसार आणि शेजाऱ्याचा शब्द

एखादी नवी वस्तू समाजात रुजते ती कोणाच्या सांगण्यावरून? विक्रेत्याच्या, शासनाच्या, की शेजाऱ्याच्या? विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या निमित्ताने हा प्रश्न आज आपल्या इंदूर नगरीतही पुढे आला आहे. त्याचे शास्त्रीय परिशीलन पूर्वी ज्या क्षेत्रांत झाले त्यांपैकी एक क्षेत्र आपल्याच व्यवसायाचे होते, हे मात्र पुष्कळांच्या स्मरणात नसेल.

१९५० च्या दशकात टेट्रासायक्लिन हे औषध नवे असताना जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेंझेल या तीन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील चार नगरांत एक पाहणी केली. कोणत्या डॉक्टरांनी हे औषध प्रथम केव्हा लिहून दिले, हे त्यांनी औषधविक्रेत्यांकडील चिठ्ठ्या तपासून ठरविले. त्यानंतर प्रत्येक डॉक्टरास तीन गोष्टी विचारल्या : आपण सल्ला कोणाचा घेता, रुग्णांविषयी चर्चा कोणाशी करता आणि आपली मैत्री कोणाशी आहे? १९६६ मध्ये हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्यांचा सहव्यावसायिकांशी संबंध दाट होता त्यांनी औषध लवकर स्वीकारले आणि एकलकोंडे डॉक्टर मागे राहिले, असा त्याचा निष्कर्ष होता.

या कथेला एक उपसंहार आहे आणि तो मला मूळ कथेइतकाच महत्त्वाचा वाटतो. या पाहणीचा खर्च एका औषध कंपनीने केला होता. पुढे २००१ मध्ये व्हॅन डेन बुल्ट आणि लिलियन या अभ्यासकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. त्या काळातील जाहिरातींचा मारा हिशेबात धरताच मित्रांच्या प्रभावाचा पुरावा जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्यास आपण सहकाऱ्याचा विश्वासू शब्द म्हणतो, तो कधी कधी विक्रेत्याचाच प्रतिध्वनी असू शकतो. विद्युत वाहनांचा प्रचार करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाने हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पुढे जावे.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. पहिले नॉर्वेचे. १९८९ मध्ये बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे आणि आ-हा या वाद्यवृंदातील कलावंत यांनी बॅटरीवर चालेल अशी बदल केलेली एक लहान फियाट पांडा मोटार आणली. विजेच्या गाडीला टोल नसावा असा त्यांचा आग्रह होता, म्हणून ते टोल न भरताच नाक्यावरून पुढे जात. दंड होई, गाडी जप्त होई, तिचा लिलाव होई. आणि दुसरा कोणी बोली लावीत नसल्याने हीच मंडळी ती परत विकत घेत! विनोदी वाटणाऱ्या या सत्याग्रहातून हळूहळू सवलती मिळत गेल्या. १९९० मध्ये आयातकरात सूट मिळाली, १९९७ मध्ये टोलमाफी झाली आणि २००१ मध्ये मूल्यवर्धित करही गेला. १९९५ मध्ये वाहनधारकांची संघटना स्थापन झाली आणि आज तिचे सभासद लाखाच्या वर आहेत. २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के केवळ विजेवरच्या होत्या. अर्थात नॉर्वेची वीज प्रामुख्याने जलविद्युत आहे आणि इंधनाच्या मोटारींवर तेथे जबर कर आहे. तेव्हा तेथील आकडे आपल्याकडे आणण्याचा मोह टाळावा.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. जनरल मोटर्सने १९९६ पासून ईव्ही-१ नावाची विद्युत मोटार काढली. अशा एक हजाराहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या, पण त्या विकल्या न जाता केवळ भाडेकरारावर देण्यात आल्या. पुढे कंपनीने त्या परत मागविल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. तेव्हा २००५ मध्ये त्या वापरलेल्या नागरिकांनी बरबँक येथील आवाराबाहेर २८ दिवस पहारा दिला. तेथे उरलेल्या ७८ गाड्या प्रत्येकी २४,००० डॉलर देऊन विकत घेण्याची त्यांची तयारी होती. गाड्या वाचल्या नाहीत, मात्र माणसे एकत्र राहिली. त्यांच्यातूनच उभी राहिलेली प्लग इन अमेरिका ही संस्था आणि तिच्या सहकारी संस्था २०११ पासून अनेक नगरांत दरवर्षी वाहनधारकांचे मेळावे भरवितात. मेळाव्याचे स्वरूप अगदी साधे असते. एखाद्या मैदानात धारक आपापली गाडी उभी करतात, शेजारी स्वतः उभे राहतात, विचारील त्यास उत्तर देतात आणि हवी असल्यास फेरी मारून आणतात. तेथे उभ्या राहणाऱ्या धारकाला विक्रीतून काहीच मिळायचे नसते, आणि त्याच्या बोलण्याचे सारे वजन त्यातच आहे.

आता आपल्याकडे वळू. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर येथील आपल्या कुटुंबांत मोटारीपेक्षा दुचाकीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विजेच्या सामान्य दुचाकीची बॅटरी दोन ते चार युनिटांची असते आणि घरच्या योग्य जोडणीवर ती रात्रीतून भरते. घरी वाहन चार्ज करण्यास कोणताही परवाना लागत नाही. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केला आहे. परंतु विचारणाऱ्याच्या मनात निराळ्याच शंका असतात. उज्जैनला जाऊन परत येता येईल काय? सिमरोलच्या घाटात दोघे बसल्यावर गाडी दम धरते काय? मे महिन्यात बॅटरी किती उतरते? चार वर्षांनी नवी बॅटरी कितीला पडेल? या प्रश्नांचे उत्तर माहितीपत्रकात नसते. ते तीन उन्हाळे गाडी वापरलेल्या शेजाऱ्याजवळ असते, आणि त्याने ते त्रुटींसह सांगितले तरच ते विश्वसनीय ठरते.

मग डॉक्टरांनी काय सांगावे? माझ्या मते ज्यात आपला अधिकार आहे तेवढेच. डिझेलच्या धुरास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरविले, हे आपण निःशंकपणे सांगू शकतो. कॅलिफोर्नियातील २०२३ च्या एका अभ्यासात दर हजार लोकसंख्येमागे शून्य-उत्सर्जन वाहने २० ने वाढली असता दम्यासाठी तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण सुमारे ३.२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा सहसंबंध आहे, सिद्ध कार्यकारणभाव नव्हे, हेही त्याच वाक्यात सांगावे. त्याच अभ्यासात कमी शिकलेल्या वस्त्यांत ही वाहने फार मंद गतीने पोहोचल्याचे दिसते. जेथे श्वसनविकार अधिक, तेथे उपाय उशिरा, हा अनुभव आपणास नवा नाही. शिवाय आपली वीज बहुतांश कोळशाची आहे. राजवाड्यावरचा धूर कमी होईल, पण सिंगरौली व खंडवा येथील चिमण्यांखाली राहणाऱ्यांचा होईलच असे नाही. टायरची व रस्त्याची धूळ तर राहणारच.

हृदयरुग्णांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे पेसमेकर असता या गाडीत बसावे काय. म्युनिक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १०८ रुग्णांना चार प्रकारच्या विद्युत मोटारींत बसवून, चालवावयास लावून व चार्जिंग करावयास लावून तपासले. उपकरणात कोणताही अडथळा आढळला नाही. शीघ्र चार्जिंगबाबत २०२३ मध्ये १३० रुग्णांवर झालेला अभ्यासही दिलासा देणारा आहे. तरीही चार्जिंगची तार छातीजवळ धरू नये व तेथे विनाकारण रेंगाळू नये, एवढी सावधगिरी सांगावी. याउलट, ई-रिक्षांच्या जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या अनधिकृत भट्ट्यांत वितळविल्या जातात, त्या परिसरातील मुलांच्या रक्तातील शिशाविषयी कोणीच प्रश्न विचारीत नाही. तो आपणच उपस्थित केला पाहिजे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात असा मेळावा भरवावा, अशी सूचना आहे. त्यात केवळ सभासदांच्या, किमान एक वर्ष वापरलेल्या गाड्या असाव्यात. विक्रेत्यांनी खर्च उचलण्याची तयारी दाखविल्यास नम्रपणे नकार द्यावा. ही स्मरणिका जाहिरातींवर निघते हे मला ठाऊक आहे आणि त्यात गैर काही नाही. जाहिरातीचे पान जाहिरात म्हणूनच वाचले जाते. डॉक्टरच्या तोंडून आलेले वाक्य तसे वाचले जात नाही, आणि टेट्रासायक्लिनच्या कथेनंतर तर आपण याविषयी अधिक दक्ष असावयास हवे.

मेळाव्यात एक मेज सहनिवासांच्या अडचणींसाठी राखून ठेवावे. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून गाडी चार्ज करण्याचा प्रकार सर्रास दिसतो आणि तो धोक्याचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात दुचाकींना लागलेल्या आगींनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीचे निकष कडक झाले, पण जुन्या प्लगला आणि उघड्या जोडाला कोणताही निकष लागू नाही. स्वतंत्र मीटरसाठी सहनिवासाच्या समितीकडे अर्ज कसा करावा, वाहनतळात जोडणी कोणत्या क्षमतेची असावी, खर्चाची वाटणी कशी व्हावी, हे ज्या सभासदांनी प्रत्यक्ष पार पाडले आहे त्यांनीच त्या मेजावर बसावे. सोबत मंजूर झालेल्या अर्जाची एक प्रत आणावी.