काव्याचा अर्थ लावताना दृष्टी कोठे ठेवावी?

प्राचीन काव्याच्या अभ्यासकापुढे खरी अडचण शब्दांची नसते. जुना शब्द कोशात सापडतो, जुने रूप सरावाने उलगडते. परंतु एकाच ग्रंथात कथा, रस, अलंकार आणि तत्त्वविचार एकत्र नांदत असता विवेचनासाठी यांपैकी काय हाती धरावे, हे कोणताही कोश सांगत नाही.

दृष्टांतपाठातील जात्यंधांचा दृष्टांत वाचकांस परिचित आहे. पाय चाचपणारा हत्तीला खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. येथे एक अवयव चाचपणे हा दोष नव्हे. अवयवाला हत्ती म्हणणे हा दोष होय. काव्याच्या अभ्यासकानेही एकच अंग खुशाल निवडावे, मात्र ते उरलेल्या ग्रंथाशी कोठे सांधले आहे, हे दाखविण्याची जबाबदारी त्याची आहे.

भास्करभट्ट बोरीकरांचे 'शिशुपालवध' घ्या. नावावरून वध हाच विषय वाटतो. प्रत्यक्षात कवीचे मन श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या प्रणयात, त्यांच्या रुसव्याफुगव्यात अधिक रमले आहे. वध शेवटाकडे येतो. संस्कृतातील माघकवीचेही असेच आहे. त्याच्या महाकाव्याचे वीस सर्ग, पण मधले कित्येक ऋतुवर्णन आणि जलक्रीडेत जातात. म्हणून नाव पाहून विषय ठरवू नये. कोणत्या प्रसंगाला किती ओव्या दिल्या आहेत, याचे टिपण वहीत करावे. काम रुक्ष आहे खरे, पण कवीचा ओढा त्यातून जितका स्पष्ट होतो तितका चार प्रस्तावनांतूनही होत नाही.

सांप्रदायिक परंपरा सांगते की, हा ग्रंथ पाहून गुरुबंधूंनी तो उत्तम झाल्याचे मान्य केले. मात्र तो शृंगाराकडे झुकल्याने प्रवृत्तांना मानवेल, निवृत्तांना उपयोगी नाही, असा अभिप्राय दिला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. या अभिप्रायाला काही जण रसिकतेचा अभाव समजतात. ते बरोबर नाही. त्यात दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: काव्य म्हणून ग्रंथ कसा, आणि कोणत्या वाचकाच्या कोणत्या प्रयोजनाला तो उपयोगी? पहिल्याचे उत्तर त्यांनी काव्याच्याच बाजूने दिले.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रुक्मिणी म्हणजे जीव, प्रणय म्हणजे भक्ती, अशी रूपके लावून शृंगार झाकण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी घेतली नाही. पारगाव आणि जुन्नर-आंबेगावच्या मुलखात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्या रेड्याच्या मुखी ज्ञानदेवांनी वेद वदविले असे सांगतात, त्याची समाधी आळे येथे आहे. ज्ञानेश्वरीचे वाचन या भागात घरोघरी मुरलेले आहे. तिच्या सवयीने प्रत्येक ओवीत सिद्धांत शोधला जातो. ज्ञानेश्वरी (शके १२१२) ही गीतेवरील टीका असल्याने तेथे हे योग्यच आहे. 'शिशुपालवध' हे आख्यानकाव्य आहे. शिवाय श्रीकृष्णांना परमेश्वरावतार मानणाऱ्याला लीळा ही घडलेली गोष्ट असते. तिचे रूपक केले की स्मरणाला काय उरते?

प्रयोजन बदलले की प्रश्नही बदलतो. महदाइसांच्या धवळ्यांत आणि नरेंद्रांच्या काव्यात रुक्मिणीस्वयंवराचीच कथा आहे. परंतु धवळे ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यात गाण्यासाठी झाले. त्यांत नरेंद्रांसारखी उपमांची आरास शोधणे व्यर्थ आहे. तेथे गाण्याची चाल, विवाहातील रीती आणि बायकांच्या तोंडची भाषा पाहावी.

ज्यांना स्वाध्याय करावयाचा आहे, त्यांनी 'शिशुपालवध' आणि 'उद्धवगीता' यांतील श्रीकृष्णांची भाषणे शेजारी ठेवून वाचावीत. बोलणारे तेच, लिहिणारा कवी तोच; ऐकणारा बदलल्याने उपमा कोठून कोठे सरकतात, एवढाच एक प्रश्न धरावा आणि उत्तराच्या प्रत्येक वाक्यापुढे ओवीचा क्रमांक घालावा.